भोसरी-मोशी रोडवरचं पंक्चरचं दुकान आणि माझा गोटा झालेला मागचा टायर

पाचपैकी पाच स्टार. आणि हे मी इथं दोन वेळा पंक्चर काढून, एक टायर बदलून आणि वर साडेनऊ हजार किलोमीटर चालवून लिहितेय, पहिल्याच दिवशी खुश होऊन नाही.

दुकान कुठंय ते आधी सांगते. भोसरीवरून नाशिक हायवेनं मोशीकडे निघालं की डाव्या हाताला सर्विस रोडला एक पत्र्याचं शेड लागतं, बाहेर ट्रकचे दोन जुने टायर उभे केलेत आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं फक्त 'पंक्चर' लिहिलंय. नाव नाही, बोर्ड नाही. काका एकटेच असतात, संध्याकाळी त्यांचा पुतण्या येतो मदतीला. मी रोज भोसरी ते चाकण एमआयडीसी स्कूटर चालवते, एका बाजूनं २२ किलोमीटर, येऊन-जाऊन ४४, आठवड्याचे सहा दिवस. ज्यांना हा रस्ता माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, कंटेनर, स्क्रॅपचे टेम्पो, पॅलेट भरलेल्या गाड्या, आणि कडेनं आपण दुचाकीवाले.

मागच्या पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, माझ्या गाडीला ४ पंक्चर झाले. चारही मागच्या टायरला, पुढच्याला एकही नाही. पहिले तीन मी दुसरीकडे काढले, जिथं गाडी बसली तिथं जवळ जे दुकान असेल तिथं. त्यातल्या एका ठिकाणी मी फोनवर बोलत जरा बाजूला गेले तर परत येईपर्यंत एकाचे तीन पंक्चर झाले होते, प्रत्येकी १५० प्रमाणे ४५० घेतले. मी भांडले, पण उशीर झाला होता, कंपनीतलं हजेरीचं पंच चुकणार होतं, दिले आणि निघाले. त्या दिवसापासून मनात पक्कं बसलं होतं की हे पंक्चरवालेच रस्त्यावर खिळे टाकत असणार. सगळे असंच म्हणतात ना, मी पण म्हणायचे.

चौथा पंक्चर सप्टेंबरमधे, संध्याकाळी सात वाजता, भर पावसात. गाडी मागून डुलायला लागली तशी मी उतरले आणि ढकलत ढकलत साधारण अर्धा किलोमीटरवर हे शेड दिसलं. रेनकोटच्या आतून पण भिजले होते. काकांनी गाडी डबल स्टँडला लावली, मला आत पत्र्याखाली उभं राहायला सांगितलं, आणि पंक्चर शोधायच्या आधी नुसतं चाक हातानं फिरवून बघत बसले. मला वाटलं आता हे पण तीन-चार सांगणार.

तर म्हणाले, "ताई, किती फिरलाय हा टायर?"

मी म्हणलं कंपनीचाच आहे, गाडीबरोबर आलेला. त्यांनी मीटर बघितला, २१ हजार. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि टायरच्या मधल्या खाचेत स्वतःचं अंगठ्याचं नख धरलं. "बघा, नख बुडतंय का? नाही ना. गोटा झालाय मधून. रस्ता तर खराब आहेच, पण ह्याच्यात आता काही पण शिरणार."

मग साबणाचं पाणी टाकून बुडबुडे शोधले, मला दाखवून, बोट ठेवून, "हा एक, अजून कुठं नाही, तुम्ही पण बघा." पक्कडीनं ओढून जे निघालं ते पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. आणि ते मी लगेच ओळखलं, कारण मी कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, दिवसभर मशीन शॉपमधेच असते. स्वल्पविरामासारखी वळलेली, निळसर झाक असलेली, एक टोक सुईसारखं. लेथ मशीनवर कार्बाइड इन्सर्टनं, म्हणजे कडक पात्यानं, फिरतं स्टील कापताना जी तुटून पडते ती चिप. तो निळा रंग गरम झाल्यामुळे येतो. खिळा नव्हता, कोणी मुद्दाम टाकलेलं नव्हतं. आमच्यासारख्याच कुठल्यातरी शॉपमधलं स्क्रॅप होतं, टेम्पोतून सांडलेलं.

ती चिप मी कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी कंपनीत नेली आणि व्हर्नियरनं मोजली, ७.४ मिमी. मग लंच टाइममधे पार्किंगमधे जाऊन व्हर्नियरच्या मागून जी डेप्थची पट्टी निघते ना त्यानं टायरच्या खाचा पण मोजल्या. मधे ०.९ मिमी, कडेला २.६. नंतर नवीन टायर आणला तेव्हा तोही मोजला, मधे ५.८ होता. आणि काकांच्या दुकानात एक भंगारातला स्कूटरचा टायर आडवा कापून ठेवलाय, लोकांना दाखवायला, त्याच्यात खाचेच्या तळापासून आतल्या बाजूपर्यंत सगळं मिळून, रबर, नायलॉनचे थर, आतलं हवा धरणारं अस्तर, जेमतेम ४ मिमी भरलं. आता हिशोब बघा. नव्या टायरला नक्षीच्या गट्ट्यावर, म्हणजे दोन खाचांमधल्या उंच भागावर, एकूण जाडी ९.८ मिमी. माझ्या गोट्याची ४.९. आणि चिप ७.४. म्हणजे तीच चिप नव्या टायरमधे पूर्ण घुसली तरी आतपर्यंत पोचत नाही, टायरच्या जाडीतच अडकून राहते, आणि माझ्या टायरमधे अडीच मिमी आरपार. चार पंक्चरांचा राग होता ना तो या एका वजाबाकीनं उतरला.

आता कोणी म्हणेल की नव्या टायरला पण खाच असतेच की, चिप खाचेत शिरली तर? बरोबर आहे, खाचेच्या तळाला नवा काय जुना काय जाडी तेवढीच. पण खाच अरुंद असते, रस्त्याला टेकतात ते गट्टे, वस्तू आधी गट्ट्यालाच लागते. टायर घासत जातो तसा हा फरकच संपतो, सगळा टायरच खाचेचा तळ होऊन बसतो.

अजून एक गोष्ट काकांनी सांगितली जी मला आधी कधी सुचली नव्हती, की अशी वस्तू एका झटक्यात आत जातेच असं नाही. आधी चिकटते, मग प्रत्येक फेरीला थोडी थोडी आत ढकलली जाते. माझ्या मागच्या टायरचा साइज ९०/१००-१०, घेर धरा साधारण १.३६ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला ७३० च्या वर फेऱ्या. चाकणला पोचेपर्यंत १६ हजार वेळा ती चिप रस्त्यावर आपटते. त्यामुळे सकाळी शिरलेली चिप संध्याकाळी पंक्चर करते, आणि आपण शिव्या घालतो संध्याकाळच्या रस्त्याला. काका म्हणतात आठवड्यातून एकदा डबल स्टँडला लावून चाक फिरवा आणि पातळ स्क्रूड्रायव्हरनं खाचेतले खडे, चिपा काढून टाका. मी रविवारी करते आता. नव्या टायरमधून एकेका वेळी दोन-तीन निघतात, आणि प्रत्येक निघाली की बरं वाटतं. फक्त खोल गेलेली दिसली तर ट्यूबलेसमधे घरी ओढायची नाही, तीच बूच बनून हवा धरून असते, तशीच हळू चालवत दुकानात न्यायची.

मागच्याच टायरला का, हे पण मी विचारलं. रस्त्यावर खिळा आडवा पडलेला असतो तोवर निवांत असतो, पुढचं चाक वरून जातं, त्याला उडवतं, उभा-तिरका करतं आणि मागचं चाक बरोबर त्या टोकावर जातं. वर स्कूटरचं इंजिन मागे, आपलं वजन मागे, डबल सीट असेल तर अजून मागे. आणि पावसातच का, तर ओलं रबर लवकर कापलं जातं. हे त्यांनी करूनच दाखवलं, ब्लेड कोरडं धरलं तर रबराला चिकटत होतं, साबणाच्या पाण्यात बुडवून धरलं तर सरसर गेलं. वर पाण्यानं कडेची सगळी घाण वाहून रस्त्यावर येते ते वेगळंच.

मधूनच का घासला टायर, कडेला २.६ असताना? तर माझी चूक होती. मी पंपावर नेहमी ४० भरायला सांगायचे, कोणीतरी सांगितलं होतं की हवा जास्त ठेवली की पंक्चर कमी होतात. उलटं आहे. हवा जास्त झाली की टायर मधे फुगतो, मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि तोच झिजतो. कमी ठेवली तर दोन्ही कडा झिजतात आणि टायर गरम होतो. गाडीवर स्टिकर असतो, एकट्यासाठी वेगळा आकडा, डबल सीटसाठी वेगळा, तेवढीच भरायची. किती साधी गोष्ट, दोन वर्षं त्या स्टिकरवर पाय घासत मी गाडीवर बसत होते.

आता त्या दिवशीच्या कामाबद्दल. आधीच्या दुकानांमधे सगळ्यांनी बाहेरूनच दोरी मारली होती, म्हणजे ती चिकट तपकिरी स्ट्रिप असते ती. त्यातल्या दोन एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की मधलं रबर हललेलं. काका म्हणाले इथं अजून एक मारून उपयोग नाही, आतून बघायला लागेल. टायर रिमवरून उतरवला, आतून बोट फिरवलं, टॉर्च मारली. मी गाडी ढकलत आणली, बसून नाही आणली, याचं त्यांना फार बरं वाटलं. हवा नसताना चालवली असती तर कडेची भिंत आतून चुरडली जाते, काळा भुगा निघतो, आणि असा टायर बाहेरून चांगला दिसला तरी कधी फाटेल सांगता येत नाही. मग आतली जागा घासून साफ केली, सोल्यूशन लावलं, थांबले. खरंच थांबले, पाच मिनिटं, ते सुकेपर्यंत, मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती तरी. मग मशरूम, म्हणजे छत्रीसारखं डोकं आणि देठ असलेला रबरी पॅच, आतून घालून देठ बाहेर ओढला, वरून दाबत रोलर फिरवला, बाहेरचं शेपूट ब्लेडनं कापलं. चढवून हवा भरली, परत साबण, मग व्हॉल्ववर पण थेंब टाकून बघितला, पिन लीक आहे का ते. सगळे मिळून २५० रुपये. स्ट्रिप मारली असती तर १०० झाले असते पण त्यांनी ती मारायला नाहीच म्हणलं.

आणि टायर बदला असं सांगितलं पण स्वतः टायर विकत नाहीत. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. "कुठूनपण घ्या, फक्त बाजूवरची तारीख बघून घ्या" एवढंच. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, ३१२५ म्हणजे २०२५ सालचा ३१ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमधे पडलेला टायर नव्याच्या किमतीत घ्यायचा नाही. मी १४५० ला घेतला, काकांनी १५० मधे बसवून दिला, जुना तिथंच ठेवून घेतला. दुचाकीला नियमानं नक्षी ०.८ मिमीच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि चारचाकीला १.६, आणि टायरमधेच खाचेत छोटे उंचवटे दिलेले असतात, बाजूला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण असते, नक्षी त्या उंचवट्यापर्यंत आली की संपला. मी ०.९ वर होते. म्हणजे कागदावर अजून पास. पण पास म्हणून वापरत राहिले तर या रस्त्यावर दर महिन्याला १००-१५०, गाडी ढकलणं, लेटमार्क. टायरवाले म्हणतातच की बहुतेक पंक्चर टायरच्या शेवटच्या टप्प्यात होतात, त्यामुळे शेवटचा मिलिमीटर वसूल करायच्या नादात आपण पैसे वाचवतच नाही.

ऑक्टोबरमधे नवीन बसवला. आजपर्यंत साडेनऊ हजार किलोमीटर, तोच रस्ता, त्याच वेळा, आता परत पाऊस सुरू झालाय. पंक्चर किती, तर एक. तो पण कुरुळी गावाच्या पुढे, पॅलेटचा दोन इंची खिळा, डोकं टायरच्या बाहेर चमकत होतं. त्याच्यापुढे नवी नक्षी पण काही करू शकत नाही, दोन इंच म्हणजे ५० मिमी, टायर १०. काकांनी बघून लगेच सांगितलं, "हा टायरचा दोष नाही ताई," आणि या वेळी स्ट्रिपच मारली, भोक लहान, सरळ आणि मधोमध होतं म्हणून. १०० रुपये. मधे आज ४.१ मिमी आहे, कडेला पण जवळपास तेवढंच, हवा स्टिकरप्रमाणे ठेवल्याचा फरक.

माझ्या भावाच्या कारला मात्र त्यांनी नाही म्हणून परत पाठवलं. स्क्रू टायरच्या खांद्यावर होता, नक्षी संपून भिंत सुरू होते तिथं. तो भाग चालताना सारखा वाकतो, तिथं स्ट्रिप किंवा मशरूम टिकत नाही आणि १०० च्या स्पीडला सुटली तर काय. भाऊ चिडला, पुढं जाऊन दुसऱ्याकडे २०० देऊन स्ट्रिप मारून आला. आठवड्यात हवा उतरायला लागली. शेवटी टायर बदललाच.

पंक्चर आपोआप बंद व्हावं म्हणून टायरमधे जेल भरतात त्याबद्दल पण विचारलं होतं, आमच्या ऑफिसमधे दोघांनी भरून घेतलंय. काकांचं म्हणणं असं की बारीक भोक बंद होतं, खोटं नाही, पण वस्तू आतच राहते आणि कळतच नाही, आणि कधी टायर उघडायची वेळ आली की ते सगळं पुसून काढल्याशिवाय पॅच चिकटत नाही. मी नाही भरलं.

तक्रारी म्हणाल तर आहेत. संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असते, तासभर जाऊ शकतो, बसायला एक टायर आणि एक स्टूल, दोन्हीवर कोणीतरी असतंच. बाईमाणसाला थांबायला प्रकाश बरा आहे, रस्ता वाहता आहे, मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही, पण पाऊस तिरका आला तर भिजायला होतं. क्यूआर आहे पण पत्र्याखाली नेटवर्क गंडतं, सुट्टे पैसे ठेवा. आणि त्यांचा हवेचा गेज माझ्या घरच्या गेजपेक्षा ३ पीएसआय जास्त दाखवत होता, मी कंपनीतल्या कॅलिब्रेटेड गेजशी ताडून बघितलं आणि त्यांना सांगितलं. काही लोकांना राग आला असता. त्यांनी पुढच्या आठवड्यात नवीन आणला आणि मला बोलावून दाखवला.

एक गोष्ट राहिली. दुकानात ऑइलचा पाच लिटरचा एक कॅन आहे, वरून कापलेला, त्यात टायरमधून काढलेलं सगळं टाकतात. मी एकदा गर्दी नव्हती तेव्हा बसून बघितलं. पॅलेटचे खिळे, पॉप रिव्हेट, हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा, छत्रीची एक काडी, आणि अर्ध्याच्या वर चिपा. निळ्या, राखाडी, काही ॲल्युमिनियमच्या. मी मूठभर मागून घेतल्या आणि आमच्या स्टोअरमधे टेबलावर ओतल्या. आमच्याकडून स्क्रॅपचा टेम्पो जातो, फाळक्याच्या वरपर्यंत ढीग आणि वर फाटकी ताडपत्री, हे मी दोन वर्षं गेटवर बघत होते आणि कधी मनात आलं नव्हतं की तो माझ्याच रस्त्यानं जातो. या चिपा आमच्याच असं मी म्हणू शकत नाही, तिथं शेकडो शॉप आहेत. पण आमच्या नाहीत असंही मला म्हणता येईना. स्टोअरवाल्या सरांनी एक चिप उचलून बघितली, त्यांच्या गाडीला पण त्याच महिन्यात झालेला पंक्चर. आता टेम्पो फाळक्याच्या खाली एक वीत ठेवून भरतात, ताडपत्री नवीन आहे आणि सिक्युरिटी बांधलेली बघूनच गेट पास देते. दोन महिने लागले हे व्हायला, तीन मेल आणि एक मीटिंग.

काकांना सांगितलं तर ते फक्त "बरं केलंत" म्हणाले आणि कामाला लागले. ते स्वतः रोज सकाळी दुकान उघडताना जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून दुकानासमोरच्या सर्विस रोडवरून ओढत नेतात, शे-दीडशे फूट. पंक्चरचं दुकान असलेला माणूस. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या चिपा त्याला चिकटत नाहीत, त्या झाडूनं काढतात. सकाळी साडेसातला गेलात तर तेच करताना दिसतील, तेव्हा गर्दी पण नसते, हवा चेक करायची असेल तर तीच वेळ चांगली.